मेझो कुणाला म्हणायचं? पट्टी, वजन आणि आवाजाची जात

खर्जाची_वही

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यातली आपली कोल्हापूरची ऐकण्याची बैठक फक्त मेझो-सोप्रानो, म्हणजे ऑपेरातला बाईचा मधला आवाज असलेल्या, गायिकांवर करावी असं मनात आहे. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांची गायकी रुजली आणि १८८३ पासून देवल क्लब उभा आहे, तिथल्या कानाला बाईचा भरदार, खाली उतरल्यावर न विरणारा आवाज परका नाही. ऑपेरा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थेट सोप्रानो, म्हणजे बाईचा सगळ्यात उंच आवाज, लावून दिली तर तो बिचकतो. मेझोपासून सुरुवात केली तर त्याला धरायला काहीतरी मिळतं.

कच्ची यादी अशी: कॅथलीन फेरियर, ख्रिस्टा लुडविग, जॅनेट बेकर, तेरेसा बेर्गान्झा, मेरिलिन हॉर्न, शर्ली व्हेरेट, चेचिलिया बार्तोली, एलीना गारांचा.

तीन गोष्टींवर मत हवंय. यादीतलं कोण मेझो नाही? मेझो ठरवायचं कशावरून? आणि प्रत्येकीची नेमकी कुठली जागा ऐकवायची?

सगळ्यांना एकच भाषा कळावी म्हणून: अक्षर सुराचं, आकडा सप्तकाचा; मधला सी म्हणजे सी४, २६२ हर्ट्झ. ए४ म्हणजे ४४०. पेटीवर पांढरी एक सी, काळी चार जी-शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए-शार्प. पुस्तकी हिशोबाने सोप्रानो सी४ ते सी६, मेझो ए३ ते ए५, सगळ्यात खालची काँट्राल्टो एफ३ ते एफ५.

राजारामपुरी_८वी_गल्ली

वहीकाका, यादी चांगली आहे, पण दोन हरकती आहेत.

पहिली: फेरियर मेझो नाही. ती काँट्राल्टो, आणि त्या जातीची विसाव्या शतकातली सगळ्यात स्पष्ट खूण. १९५२ मध्ये वाद्यवृंदाचा संचालक ब्रुनो वाल्टरबरोबर तिने माहलरचं ‘दास लीड फोन डेअर एर्दे’ गायलं आणि १९५३ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, ती गेली. त्या ध्वनिमुद्रणातला शेवटचा भाग लावा. खालच्या सुरांत ती आवाज दाबून जाड करत नाही. तो तिथं आपसूकच रुंद आहे.

दुसरी: यादीत व्हेर्दी हा इटालियन संगीतकारच नाही. मेझोचा खरा कस आम्नेरिस, आझुचेना आणि एबोली या तीन भूमिकांत लागतो. ज्युलिएत्ता सिमिओनातो आणि फिओरेन्झा कोस्सोत्तो नसतील तर ती मेझोची बैठक कसली? सिमिओनातोची १९६२ ची झाल्त्सबुर्गमधली आझुचेना, कारायान संचालक. कोस्सोत्तोची १९७४ ची आम्नेरिस, मुती संचालक. ‘आयदा’च्या चौथ्या अंकात न्यायनिवाड्याचा प्रसंग आहे. आत पुजारी निकाल देतायत, बाहेर आम्नेरिस एकटी. समोर अख्खा वाद्यवृंद आणि आवाज मात्र बहुतेक वेळ मधल्या सप्तकात, म्हणजे जिथं वाद्यं सगळ्यात भारी असतात तिथंच. त्यातून जी ऐकू येते ती व्हेर्दी-मेझो. नाद खुळा काम आहे ते.

रंकाळा_संध्या

मी नवीन आहे, म्हणून विचारते. ए३ ते ए५ आणि सी४ ते सी६ यात अडीच-तीन सुरांचाच फरक. मग मेझो म्हणजे वरचा सी न लागणारी सोप्रानो, एवढंच का?

स्वरयंत्र

ताई, प्रश्न बरोबर जागी ठेवलात. उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि का नाही ते नीट सांगतो.

कुठला सूर लागतो यावर आवाजाची जात ठरत नाही. चांगल्या मेझोला सी६ लागतो. ‘डॉन कार्लोस’मधल्या एबोलीच्या ‘ओ दोन फाताले’मध्ये सी-फ्लॅट६ आहे, म्हणजे कानाला बी५, आणि ती गाणारी मेझोच असते. उलट कित्येक सोप्रानोंना ए३ सहज लागतो. जात ठरते ती तीन गोष्टींवरून.

एक, आवाज कुठं कूस बदलतो. याला पासाज्यो म्हणतात. बाईच्या गळ्यात अशा दोन जागा धरतात. सोप्रानोची खालची जागा साधारण ई-फ्लॅट४ ला आणि वरची एफ-शार्प५ ला. मेझोची खालची ई४-एफ४ च्या आसपास, वरची ई५-एफ५ ला. काँट्राल्टोची खालची जी४ पर्यंत वर सरकते आणि वरची डी५ पर्यंत खाली येते. मधला टापू बघा: सोप्रानोचा सव्वा सप्तकाचा, काँट्राल्टोचा जेमतेम पाच सुरांचा. जात खाली जाईल तसा हा टापू दोन्ही बाजूंनी आक्रसतो आणि छातीत घुमणाऱ्या भरीव आवाजाची हद्द वर चढते. मेझोचा रंग वेगळा लागतो त्याचं मोठं कारण हेच.

दोन, टेसिटुरा. म्हणजे आवाज तासन् तास कुठं राहू शकतो. ए५ ला एकदा हात लावून येणं वेगळं आणि अर्धा अंक ई५ च्या वर मुक्काम करणं वेगळं. सोप्रानोच्या भूमिका त्या मुक्कामाच्या असतात. मेझो तिथं जाऊन येते.

तीन, त्याच सुरावरचं वजन. ए४ वर, तोच ‘आ’, तितक्याच जोरात: सोप्रानोचा तो सूर अजून हलका असतो, मेझोचा भरलेला.

यातली एकच गोष्ट बघून निकाल दिला की चूक होते.

काळी_पाच

स्वरयंत्र सरांनी मांडलेलं आपल्या पेटीवर उतरवून बघा, फार उपयोगी पडतं.

आपल्याकडच्या बहुतेक ख्यालगायिका काळी चार ते काळी पाच यांच्या दरम्यान षड्ज धरतात. काळी चार धरू. षड्ज २०८ हर्ट्झ, मंद्र पंचम डी-शार्प३ म्हणजे १५६, तार षड्ज ४१५, तार पंचम डी-शार्प५ म्हणजे ६२२. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत अख्खा ख्याल मांडला तरी आपण मेझोच्या वरच्या पासाज्योच्या, ई५ च्या, एक पायरी खालीच थांबतो. वरचा उंबरठा ओलांडायची वेळच येत नाही.

आणि खालचा उंबरठा? एफ४ म्हणजे काळी चारच्या पट्टीत शुद्ध धैवत, काळी पाचच्या पट्टीत पंचम. मेझो तिथं आवाज हलका करून डोक्याकडे देते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या मोकळ्या आकारात तो तिथं द्यायचाच नाही, भरलेलाच तार षड्जाकडे न्यायचा, हा संस्कार आहे. धैवत-निषादावर आकार पातळ झाला की गुरू थांबवतात. तोच सूर, तोच गळा, पण शिस्त उलट. म्हणून ऑपेराची मेझो ऐकताना आपल्याकडच्या माणसाला मध्य सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात ‘आवाज मागं गेला’ असं वाटतं. तो मागं गेलेला नसतो, त्याची घडी बदललेली असते. बैठकीच्या सुरुवातीला एवढं सांगा, निम्मं ऐकणं सोपं होईल.

राजारामपुरी_८वी_गल्ली

काळी पाच ताई, मग या हिशोबाने केसरबाई केरकर काँट्राल्टो ठरतात की! मंद्रात तसाच भरीव, तार सप्तकात तसाच अखंड. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या तबकडीत त्यांची ‘जात कहाँ हो’ भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. ऐका आणि सांगा.

काळी_पाच

नाही दादा, हे मी मान्य करणार नाही. त्यांचा आवाज थोर, यात वाद नाही. पण काँट्राल्टो हे लेबल त्यांना लावायचं तर त्या एफ४ च्या वर आवाज हलका कुठं करतात आणि ई५ च्या वर काय होतं, हे ऐकायला मिळायला हवं. त्यांच्या गायकीत पहिली गोष्ट करायची नाही आणि दुसऱ्या जागी जायचं नाही. ज्या दोन खुणांवरून जात ओळखायची, त्या दोन्ही गाण्यातच नाहीत. उरतो तो रंग, आणि नुसत्या रंगावर जात ठरवायची नाही असं आत्ताच ठरलंय.

मूळ फरक याहून खोल आहे. आपल्याकडे गायिका आपल्या गळ्याला सोसेल तो षड्ज निवडते आणि तानपुरे त्याला लागतात. राग तिच्याकडे येतो. तिकडं स्वररचना कागदावर पक्की, वाद्यवृंद त्या पट्टीत बसलेला, गळा रचनेकडे जातो. ज्या संगीतात पट्टी गायकाच्या हातात आहे तिथं आवाजांच्या जाती पाडायची गरजच पडली नाही. जिथं पट्टी संगीतकाराच्या हातात, तिथं कुठल्या गळ्याला कुठली भूमिका सोसेल याची वर्गवारी लागतेच. जर्मन नाट्यगृहांत तर तिला ‘फाख’ म्हणतात आणि गायकाच्या नेमणुकाही त्यावर होतात. मेझो हा शब्द त्या गरजेतून आलाय.

रंकाळा_संध्या

पण मग तेही पट्टी बदलत नाहीत का? अर्धा सूर खाली घेतलं की झालं.

राजारामपुरी_८वी_गल्ली

घेतात की, पण सुट्या गाण्यापुरतं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मेझोच्याच घरातलं आहे. रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधली रोझिना. १८१६ मध्ये ती गेलत्रुदे रिघेत्ती-जॉर्जी या काँट्राल्टोसाठी लिहिली. ‘ऊना व्होचे पोको फा’ मूळ ई मेजरमध्ये. पुढं हलक्या सोप्रानोंनी ती भूमिका उचलली, गाणं अर्धा सूर चढवून एफ मेजरमध्ये नेलं आणि वर पक्ष्यासारख्या ताना जोडल्या. कित्येक दशकं लोकांना रोझिना म्हणजे सोप्रानोच वाटायची. १९२० च्या दशकात कोंचिता सुपेर्व्हिया या मेझोने रोसिनीच्या नायिका परत खाली आणल्या. पुढं बेर्गान्झाने संचालक आबादोबरोबर केलेली रोझिना ऐकली की कळतं, मूळ पट्टीत त्या मुलीला एक धार आहे. खालच्या सुरांवर ती ‘मी साधी आहे, पण कुणी छेडलं तर नागीण होईन’ असं म्हणते. सोप्रानोच्या पट्टीत तो धमकीचा सूर पातळ होतो.

पण अख्खा अंक खाली घेता येत नाही. चौघं-सहा जण एकत्र गातात, त्यातल्या मंद्र आवाजाच्या पुरुषाला अर्धा सूर खाली नेला की त्याचा तळ संपतो. व्हायोलिनचे मोकळ्या तारेवरचे सूर जातात. मधलं एकच गाणं सरकवलं तर आधीच्या आणि नंतरच्या संगीताला सांधा घालावा लागतो.

स्वरयंत्र

काळी पाच ताईंचा मुद्दा पुढं नेतो. गळ्याची जात ओळखताना गाणं शिकवणाऱ्यांकडून चुका कुठं होतात, ते इथं नोंदलेलं बरं. पाश्चात्य पद्धतीने शिकणारी मुलं कोल्हापुरातही आहेत.

पद्धत अशी. आधी दहा मिनिटं गळा गरम करायचा: ओठांची फुरफुर, मिटल्या तोंडाचा हुंकार. मग ‘ऊ’ वर हलक्या आवाजात ए३ पासून ए५ पर्यंत सलग मींड, सात-आठ सेकंदांची, आणि तशीच खाली. पाच वेळा. आवाज कुठं हिसका देतो किंवा पातळ होतो तो सूर ट्यूनरवर टिपायचा. वर जाताना विद्यार्थी जोर लावून उंबरठा लपवतो, म्हणून खाली येतानाची नोंद जास्त भरवशाची. हे तीन वेगळ्या दिवशी करायचं. सर्दीत किंवा उठल्या उठल्या नाही, कारण सुजलेल्या स्वरतंतूंचा आवाज जाड लागतो आणि सगळ्याच मेझो वाटतात.

मग टेसिटुरा. दोन मिनिटांची एक सोपी ओळ डी४ ते डी५ मध्ये गाऊन घ्या, पाच मिनिटं थांबा, तीच ओळ एफ४ ते एफ५ मध्ये. सोप्रानो दुसऱ्या वेळी खुलते. मेझोचा जबडा आवळतो, हनुवटी पुढं येते, शेवटच्या ओळींत सूर किंचित उतरतो.

चुका कुठं? पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी: अठरा-वीस वर्षांची मुलगी, वरचे सूर अजून उघडलेले नाहीत, शिक्षक म्हणतात मेझो. वरचा टापू तंत्राने उघडतो, त्याला वर्षं लागतात. वरती सूर ‘लागत नाही’ एवढ्यावर मेझो ठरवलं तर ती मुलगी खालचा आवाज ओढूनताणून जाड करायला लागते. दुसरी: वाचन चांगलं म्हणून समूहगानात खालच्या ओळीत उभं करणं. दोन-चार वर्षांत तिला स्वतःलाच आपण खालच्या आवाजाची वाटायला लागतं. तिसरी: बोलण्याच्या सुरावरून ठरवणं. बोलण्याची पट्टी घरच्या सवयीची असते.

खोटा गडद रंग ओळखायची एक सोपी युक्ती आहे. जिभेचं टोक खालच्या ओठावर टेकवून तोच सूर ‘आ’ मध्ये गायला लावा. गडदपणा पळाला तर तो जिभेच्या मुळाने घसा दाबून आणलेला होता. राहिला तर तो गळ्याचाच.

उलटी चूक महाग पडते: मेझोला सोप्रानोत ढकलणं. आधी मधल्या टापूत हवा येते, मग हळू गाणं जातं, मग कंप मंदावतो. निरोगी कंप सेकंदाला पाच ते सात. पाचाच्या खाली गेला की ऐकणाऱ्यालाही तो हेलकावा जाणवतो. हळू गाणं जातं तिथंच थांबायचं. कंप बिघडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

खर्जाची_वही

सर, ही पद्धत मी छापून ठेवतोय. आता शर्ली व्हेरेटबद्दल बोला. ती तर दोन्हीकडे गेली.

राजारामपुरी_८वी_गल्ली

व्हेरेट! बैठकीचा सगळ्यात मोठा वाद तिच्यावरच होऊ द्या. कार्मेन, दलीला, एबोली अशा मेझोच्या भूमिका गाऊन मग सोप्रानोच्या भूमिका: १९७५ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात आबादोबरोबर लेडी मॅक्बेथ. पुढं नॉर्मा, तोस्का. आणि २२ ऑक्टोबर १९७३ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये बेर्लिओझच्या ‘ले त्रोयें’चा पहिला प्रयोग. दीदोची भूमिका ख्रिस्टा लुडविगची, ती आजारी पडली. व्हेरेट कासांद्रा गाणार होती. तिने एका रात्रीत दोन्ही गायल्या. पाच तासांचा ऑपेरा.

माझं मत: ती मेझो नव्हती आणि सोप्रानोही नव्हती. फ्रेंच परंपरेत या मधल्या आवाजाला एक नाव आहे, फाल्कों. कॉर्नेली फाल्कों या गायिकेवरून पडलेलं. गडद मधला टापू, वरती सोप्रानोचा विस्तार. तिचा स्वतःचा आवाज १८३७ मध्ये प्रयोग चालू असताना गेला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. अशा गळ्यांना दोन्ही बाजूंनी ओढलं जातं, हे त्या नावातच नोंदलं गेलंय.

स्वरयंत्र

व्हेरेटबद्दल मला वेगळं वाटतं. नंतरच्या सोप्रानो ध्वनिमुद्रणांत ए५ च्या वरचे सूर ती दिमाखात घेते, पण ई५ ते जी५ मध्ये, म्हणजे मेझोच्या उंबरठ्यावरच, आवाज एका दिवशी फिरतो आणि दुसऱ्या दिवशी अडतो. ही असमानता मेझोच्या उंबरठ्याची खूण आहे. रंग सोप्रानोकडे झुकलेला, रचना मेझोची. ख्रिस्टा लुडविग याच उंबरठ्यावर शहाणपणाने वागली. १९६२ मध्ये क्लेम्पररबरोबर तिने फिदेलिओची लेओनोरे गायली, जी सोप्रानोची भूमिका आहे. पण वाग्नरची इझोल्डे, तीही सोप्रानोचीच भूमिका, रंगमंचावर कधीच नाही. तिला शिकवलं तिच्या आईने, आणि आई स्वतः काँट्राल्टो. लुडविगचा मधला टापू शेवटपर्यंत गुळगुळीत राहिला.

राजारामपुरी_८वी_गल्ली

सर, एका भूमिकेच्या जोरावर लुडविगला शहाणी आणि व्हेरेटला चुकलेली म्हणणं मला पटत नाही. व्हेरेटची १९७५ ची लेडी मॅक्बेथ नसती तर त्या भूमिकेचं काय करता येतं हे आपल्याला कळलंच नसतं. बैठकीत दोघी एकापाठोपाठ लावा.

स्वरयंत्र

‘चुकलेली’ मी म्हणालो नाही, पण एकापाठोपाठ लावायला माझी पूर्ण संमती.

भवानी_मंडप

मुलांच्या भूमिका राहिल्या. मेझोच्या वाट्याला आलेला हा मोठा प्रांत: मोत्सार्टचा केरुबिनो, रिचर्ड स्ट्राउसचा ऑक्टेव्हियन, बेल्लिनीचा रोमेओ, रोसिनीचा तान्क्रेदी, हुम्परडिंकचा हान्झेल. पुरुष, पण बाईच्या गळ्याने.

याचं मूळ खच्चीकरण केलेल्या गायकांत आहे. ग्लूकचा ऑर्फेओ १७६२ मध्ये अशाच गायकासाठी, गाएतानो ग्वादाञ्ञीसाठी लिहिला. ती प्रथा मावळली तेव्हा त्या पट्टीतलं संगीत कुणी गायचं हा प्रश्न आला. १८५९ मध्ये बेर्लिओझने ऑर्फेओ नव्याने बांधला तो पोलीन व्हियार्दो या मेझोसाठी. (तिचा भाऊ मॅन्युएल गार्सिया. १८५० च्या दशकात आरसा घशात धरून जिवंत स्वरतंतू हलताना बघण्याची रीत त्याने मांडली. आपण वर जे पासाज्यो-पासाज्यो करतोय त्याचा अभ्यास त्या आरशातून पुढं सरकला.)

आपल्या संगीत रंगभूमीवर हे उलट होतं. बालगंधर्व, केशवराव भोसले: बाईची भूमिका, पुरुषाचा गळा. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. पण तिथंही काळी पाच ताईंचाच मुद्दा लागू पडतो. ऑर्गनवाला नटाच्या पट्टीला साथ करतो. केरुबिनो गाणाऱ्या मेझोला ती मुभा नाही, मोत्सार्टने ठरवलेल्या जागीच तिला पोरगेलं वाटावं लागतं.

आणखी एक. मोत्सार्टच्या काळी ‘मेझो’ अशी वेगळी पाटी नव्हतीच. केरुबिनो पहिल्यांदा दोरोतेआ बुस्सानीने गायला आणि ती सोप्रानो. ऑक्टेव्हियनही १९११ मध्ये पहिल्यांदा एफा फोन डेअर ओस्टेन या सोप्रानोनेच केला. पाटी नंतर लागली.

राजारामपुरी_८वी_गल्ली

मंडप साहेबांनी दार उघडलंच आहे तर बार्तोलीकडे येतो. बेल्लिनीचा ऑपेरा ‘नॉर्मा’ १८३१ चा. नॉर्मा म्हणजे ज्युदित्ता पास्ता, आणि आदाल्जिसा म्हणजे ज्युलिया ग्रीसी, चार वर्षांनी ‘इ पुरितानी’ची नायिका झालेली सोप्रानो. पुढच्या शतकात आदाल्जिसा मेझोला देण्याचा रिवाज पडला. नॉर्मा गाणाऱ्या मारिया कॅलासच्या १९५४ च्या ध्वनिमुद्रणात एबे स्तिन्यानी, १९६० च्यात ख्रिस्टा लुडविग. कानाला सवय झाली: थोरली बाई सोप्रानो, धाकटी मेझो. म्हणजे धाकटी वयाने मोठी वाटते!

२०१३ मध्ये बार्तोलीने ते उलटवलं. मेझो बार्तोली नॉर्मा, हलकी सोप्रानो सुमी जो आदाल्जिसा. त्या दोघींचं युगुलगीत ऐकलं की कथा एकदम जागेवर बसते. पण मला विचाराल तर बार्तोलीचा आवाज मोठ्या नाट्यगृहासाठी लहान आहे. तिची ताकद चपळाईत, रोसिनीच्या ‘चेनेरेन्तोला’च्या शेवटच्या गाण्यात आहे.

स्वरयंत्र

लहान म्हणजे हलकी जात असं नाही. आवाजाचा आकार आणि आवाजाची जात या वेगळ्या गोष्टी आहेत. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त, मग उतरत जातो. गळ्यात ३००० हर्ट्झच्या आसपास एक झळाळी तयार झाली की आवाज वाद्यांच्या डोक्यावरून निघून जातो. ती झळाळी बार्तोलीत आहे, पण पुंजी कमी. म्हणून ती जुन्या वाद्यांचा, लहान वाद्यवृंद निवडते. तिला मेझो म्हणायला मला अडचण नाही, कोलोराटुरा मेझो, म्हणजे जलद तानांची मेझो.

रंकाळा_संध्या

अजून एक विचारू? वरच्या सुरांत शब्द का कळत नाहीत? मेझोचे त्यामानाने कळतात असं वाटलं.

स्वरयंत्र

कान चांगला आहे तुमचा. ‘ई’ ओळखू येतो तो तोंडाच्या पोकळीच्या साधारण ३०० हर्ट्झच्या पहिल्या घुमण्यावरून. ‘आ’चं हे घुमणं आठशेच्या आसपास. गायिका ई५ वर गेली की तिचा मूळ सूरच ६५९ चा. ३०० ला घुमणारी पोकळी त्या सुराला काही आधार देत नाही, आवाज पडतो. म्हणून ती जबडा उघडते, घुमणं वर सरकतं, आवाज भरतो आणि ‘ई’चा ‘ए’ किंवा ‘आ’ होतो. हे चुकून होत नाही, करावं लागतं. कार्मेनची हाबानेरा डी४ ते एफ-शार्प५ मध्येच फिरते आणि बराचसा वेळ खालीच असते, म्हणून शब्द हातात येतात. जॅनेट बेकरच्या इंग्रजी गाण्यांत, १९६५ च्या बार्बिरोलीबरोबरच्या ‘सी पिक्चर्स’मध्ये, एकही अक्षर सुटत नाही.

काळी_पाच

ध्वनिमुद्रणांबद्दल एक सावधगिरी. जुन्या तबकड्या सगळ्या ७८ फेऱ्यांच्याच कापलेल्या नाहीत. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. ७४ ला कापलेली तबकडी ७८ ने वाजवली की जवळजवळ अर्धा सूर चढला, कंप जलद झाला, रंग हलका झाला. मेझो सोप्रानो वाटायला एवढं पुरतं. सुपेर्व्हियाच्या काळातलं काही लावणार असाल तर छापील पट्टी आधी बघा आणि ट्यूनरवर ताडा. ‘ऊना व्होचे’ ई मेजरला लागायला हवं. एफला लागलं तर एक तर गायिकेने चढवलंय किंवा वेगाने. कंप सेकंदाला सातच्या बराच वर वाटला तर वेगाचा संशय धरा. आपल्या जुन्या ख्यालाच्या तबकड्यांनाही हेच लागू.

आणि फोनच्या स्पीकरवर कुणाची जात ठरवू नका. तीनशेच्या खालचं त्यात नीट येतच नाही. ए३ म्हणजे २२०. मेझोचं अर्धं अंगच कापलं जातं.

भवानी_मंडप

काँट्राल्टो आता फारशा ऐकू येत नाहीत, त्याचं काय? की सगळ्यांना मेझो म्हणायला लागले?

राजारामपुरी_८वी_गल्ली

दोन्ही. भूमिका मुळातच थोड्या: व्हेर्दीची उलरिका, वाग्नरची एर्दा, रोसिनीचे काही वीर. उलरिकाचं मंत्राचं गाणं जी३ पर्यंत उतरतं. मारियन अँडरसन ७ जानेवारी १९५५ ला मेट्रोपॉलिटनमध्ये गायली ती हीच भूमिका, तिथं एकल भूमिका गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका. एवढ्या भूमिकांवर पोट भरत नाही, म्हणून खालच्या आवाजाची मुलगी वर शिकते आणि मेझो म्हणून उभी राहते. पोलंडची एवा पोडलेश मात्र शेवटपर्यंत काँट्राल्टोच राहिली, २०२४ मध्ये गेली. वहीकाका, तिला यादीत घ्या. रोसिनीच्या ताना इतक्या खोल आवाजात कुणी घेत असेल यावर विश्वास बसत नाही.

खर्जाची_वही

सगळ्यांचं ऐकून क्रम असा लावतोय.

सुरुवात फेरियरने, काँट्राल्टो म्हणूनच, म्हणजे तळ कुठं आहे ते कळेल. मग बेर्गान्झाची रोझिना, ई मेजर. तिसरी पोडलेश, रोसिनीच. तोच संगीतकार दोन जातींच्या गळ्यांत. मग कोस्सोत्तोचा न्यायनिवाड्याचा प्रसंग, मध्ये न थांबवता. नंतर लुडविगची लेओनोरे आणि व्हेरेटची लेडी मॅक्बेथ एकापाठोपाठ, वादाला पंधरा मिनिटं राखून. बार्तोली-सुमी जो युगुलगीत, त्याच्यासमोर १९६० चं कॅलास-लुडविग. शेवटी बेकरचं ‘सी पिक्चर्स’, छापील शब्द हातात देऊन. हॉर्न, सिमिओनातो आणि गारांचा पुढच्या वेळी. एका संध्याकाळी यापेक्षा जास्त नको, कान दमतो.

पेटी आणि तानपुरा खोलीत ठेवतोय. प्रत्येक गाण्याआधी काळी पाच ताईंनी त्या पट्टीचा षड्ज आणि दोन्ही पासाज्यो पेटीवर वाजवून दाखवावेत ही विनंती. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढं आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. कोपऱ्यात नको, तिथं खालचे सूर फुगतात आणि सगळ्याच गायिका मेझो ऐकू येतात.

काळी_पाच

येते. काळी चारचा तानपुरा आहे ना? नसेल तर माझा आणते, जवारी नुकतीच काढून घेतलीय.